बरडावरचा गोल्फ

निवृत्त माणसानं काय करावं, यावर घाटंजीतल्या प्रत्येकाचं एक मत आहे आणि ते तो न विचारता सांगतो. कुणी म्हणतं, सकाळी प्राणायाम करा. कुणी म्हणतं, पतसंस्थेच्या निवडणुकीला उभे राहा. गोल्फ खेळा, असं मात्र मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. तो मी माझ्या मनानंच खेळतो, आणि मागच्या हिवाळ्यात तर अक्षरशः जीव मुठीत धरून खेळलो.

फटफटीला बांधलेल्या पिशवीतून काठ्या बाहेर डोकावतात. बाजाराच्या दिवशी रस्त्यात हमखास कुणीतरी विचारतं, "काय काका, साप माराले चालले का?" आधी मी थांबून समजावून सांगायचो. खेळ आहे, लहान बॉल असतो, तो लांबवरच्या एका भोकात घालायचा असतो. "मंग?" असं समोरचा विचारायचा. मंग काय मंग? मंग पुढच्या भोकाकडं जायचं. हे ऐकून लोक माझ्याकडं जसं पाहायचे, ते पाहून मी समजावणं सोडून दिलं. आता हो म्हणतो. साप मारायला चाललो. भैताडासारखं रोज रोज तेच कोण सांगत बसणार?

नोकरीची बहुतेक वर्षं मी परराज्यातल्या एका पोलाद कारखान्याच्या वसाहतीत काढली. मी भांडार विभागात होतो. वसाहतीला साहेब लोकांसाठी गोल्फचं मैदान होतं आणि दुपारच्या उन्हात ते ओस पडलेलं असायचं. तिथल्या माळ्याशी माझी ओळख झाली, एका साहेबानं बदलीवर जाताना जुन्या काठ्या दिल्या, आणि मी लागलो बॉल मारायला. पहिले कित्येक महिने बॉलपेक्षा मातीच जास्त उडाली. मग एक दिवस बॉल काठीच्या बरोबर मधोमध बसला. ज्याला हे झालं नाही त्याला ते सांगून कळणार नाही. हाताला झटका नाही, काही नाही, जणू काही मारलंच नाही, आणि बॉल आपला लहान लहान होत आभाळात चाललेला. बस्स, मी कामातून गेलो. त्यानंतर हा खेळ सुटला नाही.

पाहण्याचंही तसंच. टीव्हीवर कुठलीही स्पर्धा लागली की मी पाट मांडून बसल्यासारखा बसतो. आमच्या हिला त्यात एक गोष्ट खटकली. ती पहिल्यांदा माझ्यासोबत पाहायला बसली, थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "अहो, यायच्या घरी कोणी बिमार हाय का? एवढं हळू काहून बोलून राह्यले?"

मी तिला सांगितलं की खेळाडू मारत असताना आवाज करायचा नसतो. समालोचकसुद्धा कुजबुजतो.

"अन् लोक टाळ्या कधी वाजवतात?"

"बॉल गेल्यावर."

"तोवर श्वास घेतला तर चालते का?"

अशी ही. तिच्या जिभेला हाड नाही आणि घरात ती गप्प असली तर शेजारीण चौकशीला येते. तिला घेऊन मी एकदा नागपूरला स्पर्धा पाहायला गेलो होतो. दोरीच्या बाहेर ही गर्दी. खेळाडू शेवटचा हलका फटका मारायला वाकला, त्याला पट म्हणतात, आणि टोपी घातलेल्या एका माणसानं नुसता हात वर केला. सगळे चिडीचूप. पानटपरीवर दोन माणसं गप्प बसवता येत नाहीत आपल्याकडं, आणि इथं एका हातानं शेकडो माणसं गप्प केली. माझ्या अंगावर काटा आला. हीसुद्धा गप्प झाली. परतीच्या बसमध्ये म्हणाली, हात वर केला की गप्प, एवढं समजलं बाप्पा मले, बाकी काही नाही.

गावी परतल्यावर मी आमच्या वावरात माझं मैदान केलं. वावर गावापासून दूर, जंगलाच्या अंगाला. चांगल्या जमिनीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर असते, ती जमीन मी बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दिली आहे. उरलेला तुकडा म्हणजे बरड, वर मुरूम आणि खाली गोटे, तिथं कुसळाशिवाय काही उगवत नाही. त्या बरडावर मी जमिनीत पत्र्याचे डबे पुरले, त्यांच्याभोवती रेती दाबून गोल सपाट जागा केल्या, आणि डब्याजवळ निंबाच्या काडीला लाल फडकं बांधून उभं केलं. टीव्हीवर असतं तसं हिरवंगार नाही काही. पण बॉल डब्यात पडला की टण्ण असा आवाज येतो, तो कुठल्या मोठ्या मैदानावर ऐकायला मिळत नाही.

मग जनावर आलं.

आमच्याकडं शिवारात असताना वाघाला वाघ म्हणत नाहीत. जनावर म्हणतात. नाव घेतलं की येतो, असा समज आहे, आणि माझ्यासारखा शिकला-सवरलेला माणूसही तिथं नाव घेत नाही. आधी नाल्याच्या पलीकडं एक गोऱ्हा मारला गेला. मग पंजांचे माग दिसले. मग पलीकडच्या शिवारात गवत कापायला गेलेली एक बाई परतली नाही. तिच्यासोबतच्या बाया थोड्याच अंतरावर कापत होत्या. त्यांनी काहीच ऐकलं नाही म्हणे. ना ओरडणं, ना काही. त्या "ऐकलं नाही"नं माझी झोप उडवली. खरं सांगतो, मी भित्रा माणूस आहे. लहानपणी न्हाणीतल्या पालीला घाबरायचो. वाघ तर वाघच.

वन खात्याची गाडी भोंगा लावून फिरली. एकट्यानं वावरात जाऊ नका. वाकून काम करू नका, वाकलेला माणूस त्याला चार पायांचा वाटतो. आवाज करत राहा. दोन दिवसांत सगळं शिवार बदललं. कापूस वेचणाऱ्या बाया मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावायच्या, गुराखी डबा वाजवत जायचे, कुणी बैलाशी बोलत, कुणी नुसतंच "हो हो हो" करत. एरवी वाऱ्याचा आवाज यावा, तिथं जत्रेसारखा कल्ला.

आणि माझा खेळ पाहा. पट मारायचा म्हणजे वाकायचं आणि गप्प राहायचं. भोंगा ज्या दोन गोष्टी करू नका म्हणून ओरडत होता, त्या दोन्ही.

खेळ बंद का केला नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. मी म्हणायचो, सगळेच वावरात जातात, मीच कायले घाबरू? पण ते बोलायचं बोलणं झालं. खरं कारण एवढंच की दोन दिवस घरी बसलो की मी अंगणात केरसुणी उलटी धरून फटके मारायला लागायचो. तिसऱ्या दिवशी पिशवी फटफटीला बांधली, तशी ही चपला घालून मागं येऊन बसली.

"तू कायले?"

"तुमी तिथं जाऊन वाकसान, अन् मी इथं पोळ्या लाटत तुमचा फोन यायची वाट पाहीन का? चला. बोलू नका जास्त."

मांडीवर तिनं स्टीलचं ताट आणि पळी घेतली होती.

त्या दिवसापासून असं चाललं. मी मोठा फटका मारायचो तेव्हा ती बाजूला उभी राहून ताट बडवायची. ताटाचा कंटाळा आला की बोलायची. भाजीचे भाव, नणंदांचं वागणं, माझ्या सासुरवाडीच्या एका लग्नात मी कसा रुसून बसलो होतो ते. सगळं मोठ्यानं, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं. पलीकडच्या वावरातल्या बाया हसायच्या. "बाई, पुढं काय झालं?" अशी हाळी यायची.

पण पटाची वेळ आली की माझी पंचाईत व्हायची. कानाशी ताट वाजत असताना पट मारून पाहा एकदा. हात हलतोच. एकदा हुकला, दुसऱ्यांदा हुकला, तिसऱ्यांदा मी काठी आपटली. "अवं, दोन क्षण थांबशीन का नाही!" ती म्हणाली, वाघाले सांगू का दोन क्षण थांब म्हणून? मी म्हटलं, नाव नको घेऊ. यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं, तिथंच, बरडावर उभं राहून. शेवटी तह झाला. मी हात वर केला की तिनं गप्प व्हायचं, आणि बॉल डब्यात पडला की लगेच वाजवायला लागायचं. हुकला तर "हुकला!" म्हणून ओरडायचं. ते ओरडणं तिला फार आवडायचं.

त्या तेवढ्या शांततेत माझ्या मानेवरचे केस उभे राहायचे. वाकलेलो असायचो, नजर बॉलवर, आणि पाठ उघडी. पाठीला डोळे असते तर, असं वाटायचं. पट मारला की मी आधी मागं वळून पाहायचो, बॉल कुठं गेला ते नंतर. एकदा मागं खरंच काहीतरी हललं आणि मी काठी टाकून हिच्या दिशेनं पळालो. रानडुकराचं पिल्लू निघालं. ही हसून हसून खाली बसली. मी मात्र रात्री जेवलो नाही.

ती सकाळ मार्गशीर्षातली होती. तूर डोक्याच्या वर गेलेली, पिवळ्या फुलांनी भरलेली. सूर्य समोर येत होता म्हणून ही तुरीच्या धुऱ्याला पाठ करून उभी राहिली. म्हणजे तोंड माझ्याकडं, पाठ तुरीकडं. त्या दिवशी पलीकडच्या वावरात वेचणी नव्हती, बाया आलेल्या नव्हत्या. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी खुशीत होतो. लांबूनच मारलेला बॉल गोट्यांवरून उड्या घेत थेट रेतीच्या गोलात येऊन थांबला होता. डबा अवघ्या एका काठीच्या अंतरावर. असा बॉल वर्षातून एखाद्या वेळी पडतो. ही ताट बडवत होती आणि तिच्या बहिणीच्या जावयाबद्दल काहीतरी सांगत होती.

मी हात वर केला.

ती गप्प झाली. मी काठी टेकवली, वाकलो. डावा हात अजून वरच होता, तो खाली घेऊन काठीवर आणणार, तेवढ्यात नाल्याकडच्या मोहाच्या झाडावरून वानर खोकलला. खॅक. पुन्हा खॅक, खॅक. वानर उगाच तसा खोकलत नाही. आमच्याकडं लहान लेकराला विचारा, तेही सांगेल त्याचा अर्थ काय ते.

मी मान वर केली. वारा नव्हता. सगळी तूर निपचित उभी होती आणि हिच्या मागं, थोडं डावीकडं, तुरीचे शेंडे हलत होते. हलायचे, थांबायचे. पुन्हा थोडे अलीकडं हलायचे.

ओरडायला हवं होतं. मी तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. दातखीळ बसणं म्हणतात ते काय असतं, हे मला त्या दिवशी कळलं. छातीत हवा आहे, जीभ आहे, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. हात वरचा वरच. तोही खाली येईना. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला आणि तो पुसायलाही मला हात नव्हता.

आणि ही उभी होती. ताट छातीशी, पळी हातात, डोळे माझ्या हातावर. वानर खोकलत होता, तो तिनंही ऐकलाच असणार, या मातीतली आहे ती. तरी वळली नाही, हलली नाही, पळी उचलली नाही. चेहरा पांढराफटक पडला होता. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला इतकी गप्प कधी पाहिली नव्हती. वाजव ना, मी मनात म्हणत होतो. वाजव ना बाई, एकदा वाजव. माझ्या हातानं तिला गप्प केलं होतं आणि तो हात मला खाली घेता येत नव्हता.

तुरीच्या बुडाशी, पिवळ्या उन्हात, पट्टे दिसले. डोकं नाही दिसलं, खांद्याचा भाग दिसला. आपल्या दाराएवढा वाटला मला तो. तो जमिनीला टेकलेला होता.

पुढचं मी ठरवून केलं असं म्हणणार नाही. उजव्या हातातली काठी आपोआप उचलली गेली आणि समोरच्या डब्याच्या पत्र्याच्या काठावर आदळली. टण्ण. मी पुन्हा मारली. पुन्हा. वेड्यासारखी मारत सुटलो. त्या आवाजासरशी हिचा हात सुटला आणि ताट असं वाजायला लागलं की वानरसुद्धा खोकलायचा थांबला. मग माझ्या गळ्यातून काहीतरी निघालं. शब्द नव्हता तो. ती म्हणते, बैल हंबरल्यासारखा आवाज होता.

तुरीतून एकदा जोरात "व्हुफ्" असं झालं, आणि शेंडे हलत हलत नाल्याकडं गेले. एवढंच. पुरता मी त्याला पाहिलाच नाही, आणि पाहायचाही नाही.

आम्ही पाठ न फिरवता, मागं मागं चालत फटफटीपर्यंत आलो. ती वाजवतच होती. मी काठी डोक्यावर धरली होती. पिशवी, बॉल, सगळं तिथंच. चौथ्या-पाचव्या किकला गाडी सुरू झाली. डांबरी रस्ता येईपर्यंत ती मागं बसून ताट बडवत होती. रस्त्यानं येणारा सायकलवाला थांबून पाहत राहिला.

रस्त्याखालच्या मोरीजवळ मी गाडी थांबवली. पुढं नेली असती तर दोघंही पडलो असतो. ती उतरली, मोरीच्या कठड्यावर बसली. ताटाला मधोमध पोचा पडला होता. मी बाटलीतलं पाणी तिला दिलं, तिनं आधी माझ्यापुढं धरलं. पाणी प्यायलो आणि मग मला रडू आलं. लाज वाटली नाही. ती वाचली होती, माझ्यासमोर बसून पदरानं तोंड पुसत होती, आणखी काय पाहिजे होतं मला?

"अवं, वाजवलं काहून नाही तू?" मी म्हटलं. "वानर ऐकला ना?"

"ऐकला."

"मंग?"

"तुमचा हात वर होता ना." ती अगदी साधेपणानं म्हणाली. "मले वाटलं तुमाले दिसला. मी हलू नाही म्हणून तुमी हात वर करून ठेवला. म्हटलं, यायले दिसून राह्यला ना, मंग हे सांगतीन कधी हलायचं ते. मागं वळून पाहाची हिंमत नव्हती मले. मी फक्त तुमच्या हाताकडं पाहून राह्यली होती. हात हाय तोवर काही होत नाही, असं म्हणत होती मनात."

तिथं मला खोटं बोलता आलं असतं. हो, दिसला होता, असं म्हटलं असतं तर जन्मभर तिच्या लेखी मी शूर ठरलो असतो. नातेवाइकांत गोष्ट झाली असती. पण ती माझ्याकडं अशा काही मायेनं पाहत होती की ते मला पेलवलं नाही.

"हात पटासाठी होता," मी म्हटलं. "जनावर मले मागाहून समजलं. अन् मंग हात खाली येईना. मी घाबरलो होतो, बाकी काही नाही."

वाटलं, आता तिच्या तोंडाचा पट्टा सुटेल. तिनं मला सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं झाडावं, असं मला मनापासून वाटत होतं. एक ट्रक गेला, कापसाचा. त्याची धूळ खाली बसली. ती मांडीवरच्या ताटाचा पोचा अंगठ्यानं दाबून पाहत होती. तो निघत नव्हता.

मग माझ्याकडं न पाहता हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तेवढा वेळ तिथं मी एकलीच होती."